खारेपाटातील एका नळाचे संशयास्पद वर्तन

ज्या मनुष्याने उमेदीची सगळी वर्षे जळालेली दुकाने हुंगण्यात घालवली आहेत, त्याच्याबरोबर सहलीला जाऊ नये, असे माझ्या धर्मपत्नीचे अनुभवसिद्ध मत आहे. मी विमा-सर्वेक्षक आहे. कोणाचे गोदाम पेटले, कोणाची मोटार झाडावर गेली, की नुकसान खरोखरच झाले आहे काय, हे पाहण्यास मला पाठवतात. या व्यवसायाने मला दोन गोष्टी दिल्या: एक उत्तम प्रतीची विजेरी आणि मनुष्यजातीविषयी एक सखोल, सर्वस्पर्शी संशय. विजेरीचे सेल मधूनमधून संपतात.

ठाण्यातील आमच्या वसाहतीत समविचारी, म्हणजे समवयस्क आणि सममधुमेही, गृहस्थांचे एक मंडळ आहे. वर्गणी जमवून आम्ही दरवर्षी एखाद्या खेड्यात काहीतरी उभारतो. मागील खेपेस एका गावी वाचनालयासाठी खोली बांधून दिली. पुढे ती पाहावयास गेलो, तेव्हा तीत कोंबड्या नांदत होत्या. वाचनाची त्यांना विशेष गोडी असल्याचे आढळले नाही. त्यामुळे यंदा पेण तालुक्यातील खारेपाटातून, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यातल्या एका गावातून, विनंती आली, तेव्हा मंडळ सावध झाले. विनंती साधी होती. गावापर्यंत नळ आला आहे, नळातून पाणी येत नाही. जलवाहिनीवर आधी वरचे गाव लागते, मग हे शेवटचे. वरच्या गावाचे भरून झाल्यावर जे उरते, ते बहुधा उरतच नाही. तरी मुख्य वाहिनीपासून एक स्वतंत्र फाटा आणि गावात एक साठवण टाकी बांधून मिळावी. "आधी कोणीतरी पाहून यावे," असा ठराव झाला आणि सर्वांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

जातोच आहोत तर पुढे कोलाड-रोहेही स्वखर्चाने पाहावे, असा बेत मी केला. पत्नीस बरोबर येण्याविषयी विचारले. "तुम्ही नदीकडेही पावती मागाल," असे म्हणून ती बहिणीकडे गेली.

होळी उलटून गेली होती. ठाण्याहून सकाळची एस.टी. घेतली. मुंबई-गोवा महामार्गाविषयी मी येथे काही लिहिणार नाही. त्या विषयावर चालकवर्गाने इतके मौलिक वाङ्मय मौखिक परंपरेने निर्माण केले आहे, की माझी भर नगण्य ठरेल. जाणाऱ्यांसाठी एक सूचना मात्र करतो. तळकोकणात जाणाऱ्या गाड्या पेण गावात शिरत नाहीत, रामवाडीला उतरवतात. तेथून बाजारपेठ चालत जाण्याजोगी आहे, फक्त ऊन चढण्यापूर्वी चालावे. वाटेत गणपतीच्या कारखान्यांत डोकवावे. भाद्रपद अद्याप दूर असल्याने मूर्ती पांढऱ्याशुभ्र आणि डोळे न आखलेल्या होत्या. ओळीने बसलेले इतके गणपती आणि एकाचीही दृष्टी माझ्यावर नाही, असा निवांतपणा मला त्या संपूर्ण प्रवासात पुन्हा लाभला नाही. पोह्याचे पापड येथेच घ्यावेत. दुकानदार चव पाहण्यास कच्चा पापड देतो. तो फुकट असतो, आणि त्यामुळेच शेवटी आपण ठरवल्याच्या दुप्पट घेतो.

खारेपाटात जाण्यास मिनीडोर मिळते. हे तीन चाकांचे वाहन आसनक्षमता या संकल्पनेकडे औदार्याने पाहते. भाडे किरकोळ आहे, शरीराची घडी घालण्याचे वेगळे घेत नाहीत. मी मासळीच्या दोन पाट्या आणि त्यांच्या मालकिणी यांच्यामध्ये स्थापित झालो.

"कोनाकडं उतरनार?" चालकाने विचारले.

"तात्यांकडे." तात्या म्हणजे ते विनंतीपत्र पाठवणारे गावचे वयोवृद्ध पुढारी.

"म्हंजे नल बगाला येनारे सायेब तुमीच!"

मी गुप्ततेची पराकाष्ठा केली होती. तारीख फक्त तात्यांनाच कळवली होती. परंतु मिनीडोरमधील यच्चयावत प्रवाशांनी माझ्याकडे अशा ममतेने पाहिले, की मी जणू त्या गावचा होऊ घातलेला जावई होतो. डावीकडची बाई माझ्या पाठीमागून उजवीकडचीला म्हणाली, "आज तिकडं धो धो पानी हाय बोलतान."

"गप गो!" उजवीकडची म्हणाली, आणि तिने मारलेला कोपर मध्ये मी असल्याने मलाच लागला.

येथे माझ्यातील सर्वेक्षक जागा झाला.

पेणच्या पुढे रस्ता बांधावरून जातो. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला खाऱ्या जमिनीची भाताची खाचरे आणि मिठागरांचे चौकोन. जिकडे पाहावे तिकडे पाणी. जिभेला लावण्याजोगे त्यातले काही नाही. विहिरीसुद्धा मचूळ. समुद्राला थोपवून ही जमीन माणसांनी पिढ्यानपिढ्या राखली, पण गोडे पाणी मात्र येथे डोंगराच्या बाजूने नळातूनच यावे लागते. दृश्य फार सुंदर आहे. सुंदर दृश्यांविषयी माझा अनुभव असा की आगीची कारणे त्यांच्यामागेच दडलेली असतात.

गावाच्या तोंडाशीच तो सार्वजनिक नळ होता. त्याचा ओटा चुन्याने नुकताच रंगवलेला दिसला, कारण माझ्या पायजम्याला तो लागला. पुढे रांगोळी होती. तात्या हात जोडून उभे होते. मी उतरताच एका मुलीने तांब्याने माझ्या पायांवर पाणी ओतले. एक तांब्या नव्हे. पाय धुऊन झाल्यावरही ती ओतत राहिली, जणू रोप लावले आहे. आणि शेजारी तो नळ, ज्याच्या शुष्कतेचे करुण वर्णन मंडळापुढे वाचले गेले होते, तो धबधब्यासारखा कोसळत होता.

"तात्या," मी म्हणालो, "नळास पाणी येत नाही, असे आपण कळविले होते."

"नाय येत."

"मग हे काय आहे?"

घरी न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे पाहावे तसे तात्यांनी नळाकडे पाहिले. "आज आलं," ते म्हणाले.

माझा मुक्काम यमुनाबाईंच्या घरी ठेवला होता. यमुनाबाई पन्नाशी ओलांडलेल्या, नवरा वारलेला, मुलगा नरेश कंपनीत शिफ्टला जाणारा. घरातली प्रत्येक भांडेजात वस्तू पाण्याने काठोकाठ भरलेली: पिंप, हंडे, कळश्या, इतकेच काय, पण एक तुपाची बरणीदेखील. आढ्याला एक पाळणा टांगला होता. त्यात बाळ नव्हते.

दुपारी पानात जिताडा आला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: जिताडा हा खाडीचा मत्स्यराज. या मुलुखात ज्याच्याकडे काम अडते, त्याच्याकडे तो पोहोचवला जातो, अशी त्याची प्राचीन ख्याती आहे. ही सामिष लाच होय, हे मी तत्क्षणी ओळखले. तपासाच्या हितासाठी ती मी भक्षण केली. बरोबर तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे होते. पुराव्याची चव इतकी चांगली असणे न्यायाच्या दृष्टीने घातक आहे.

"बाळ कोठे आहे?" मी पाळण्याकडे पाहून विचारले.

"नात हाय माजी," यमुनाबाई म्हणाल्या. "सून बालंतपनाला माह्यारी गेली, रोह्याच्या बाजूला. नात आता रांगते बोलतान. सविता बोलते, पानी आल्याबिगर येनार नाय. बालाचे कपडे कशात धुवू?" त्या थोडे थांबल्या. "भांडान नाय हा आमचं. खरंच बोलते ती."

आणि हे त्या बोलत असताना माझ्या हातावर, जेवण झाल्यावर, त्यांनी भरल्या कळशीतून पाणी घातले.

संध्याकाळी मी परसात उभा होतो. कुडापलीकडे तात्या मोबाइलवर बोलत होते. "हां, उद्या सकालपोत राहू दे. पावना निगला का मंग सांगतो. नाय नाय, त्याला समजाला नको." माझ्या वीस वर्षांच्या सेवेत एवढी निर्मळ कबुली मला कोणी घरपोच दिली नव्हती. चित्र स्वच्छ झाले. गावाला पाणी आहे. टाकी त्यांना दुसऱ्याच कशासाठी तरी हवी आहे. कोंबड्या मनःचक्षूंपुढे तरळून गेल्या. फक्त एक बाब खुपत होती. ज्यांना पाणी लपवायचे असते, त्यांनी ते माझ्या पायांवर ओतू नये. परंतु गुन्हेगार शेवटी कोठेतरी चुकतोच, या सिद्धान्ताखाली मी ती बाब मिटवली.

सकाळी दोन बादल्या स्नान केले. दुसरी किंचित कोमट निघाली, तशी तक्रारही नोंदवली.

निघताना यमुनाबाईंनी पिशवी दिली. नातीसाठी शिवलेली एक कुंची, सुनेसाठी सुकटीची पुडी. "तुमी कोलाडला जाताय तं वाटेवरच हाय, एवढं द्या." मी पिशवी चारी अंगांनी चाचपून घेतली. मग त्या दाराशी आल्या, मागे तात्या उभे आहेत हे पाहून आवाज उतरवला. "सायेब, सविताला पान्याचं काय बोलू नका."

"का बरे?"

"नका बोलू. माजं ऐका."

मिनीडोरमध्ये बसेपर्यंत प्रकरण गृहकलहाच्या शाखेत गेले होते. घरात पाणी आलेले असताना सुनेला ते कळू न देणारी सासू! पाणी आल्याबिगर येणार नाही, अशी जिची अट, तिला अट पुरी झाल्याचे कळूच द्यायचे नाही. केवढी सूक्ष्म योजना! मी मनोमन अहवाल लिहिला: विनंती फेटाळावी.

रामवाडीहून पुन्हा महामार्ग, नागोठणे मागे टाकून कोलाड. ज्यांना पोहता येते आणि ज्यांचा विमा उतरवलेला आहे, त्यांनी येथे कुंडलिकेत रबरी होडीतून जरूर जावे. मी काठावरून निरीक्षण केले. नदी कोरडीच वाटत होती. मग वरच्या बाजूने पाणी सोडल्याबरोबर ती एकाएकी खळाळत आली आणि लोकांनी नदीच्या सौंदर्याविषयी आनंदोद्गार काढले. सोडणाऱ्याविषयी कोणी काढले नाहीत. हमरस्त्यावरच्या एका खानावळीत जेवलो. थाळी वाजवी, कढी उत्तम, पंखा आलंकारिक.

सविताचे माहेर कोलाड-रोहे रस्त्यापासून थोडे आत आहे. दारासमोरून कालवा वाहतो. कडेला हिरवी भाजी, पायऱ्यांवर धुणे, आणि कोणीही कोणाला पाण्याविषयी काही सांगत नव्हते. सविता अंगणात बाळाच्या दुपट्यांचा ढीग वाळत घालत होती. बाळ चटईवरून रांगत येऊन माझ्या चपलेची तपासणी करू लागले. मी ओळख सांगितली, पिशवी दिली. कुंची पाहून ती हसली. सासूला ती आत्या म्हणत असे. "आत्यांना वाटतं पोर अजून एवढुशीच आहे. हिच्या डोक्याला नाय बसायची आता."

सासूने बंदी घातलेले सत्य सुनेपर्यंत पोहोचवणे हे आता माझे नैतिक कर्तव्य होते. घसा साफ करून मी उद्गारलो, "आपल्या सासरी नळास विपुल जल उपलब्ध आहे. मी स्वतः पाहिले."

तिच्या हातातले दुपटे तसेच राहिले. "आलं? खरंच आलं?"

"धो धो."

"बाबा!" ती आत वळून ओरडली. "तिकडं पाणी आलंय! नरेशना फोन लावते. रविवारी सुट्टी हाय त्यांची, रविवारीच न्यायला या बोलते..." तिने बाळाला उचलून कडेवर घेतले. "चल गो बाय, आपल्या घरी जायचं."

तिचे वडील बाहेर आले. ते कमी बोलणारे होते. "कधी आलं?" त्यांनी विचारले.

"काल मी गेलो तेव्हा वाहतच होते."

फोनकडे गेलेला सविताचा हात थांबला. "तुम्ही येणार हे त्यांना म्हाईत होतं?"

"तात्यांना कळविले होते."

"ओटा रंगवलेला होता?"

"ओला होता."

"आंघोळीला बादल्या किती दिल्या?"

"दोन."

ती पायरीवर बसली. बाळ तिच्या नथीशी खेळू लागले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ते कार्याचं पाणी हाय, काका."

मला काही उमगले नाही. तिने सांगितले ते असे. शेवटच्या गावात लग्न, बारसे, दहावे, काही कार्य निघाले की वरचे गाव त्या दिवसांची आपली पाळी त्यांना देऊन टाकते. स्वतः एक थेंब भरत नाही, सगळे पाणी खाली सोडते. चार पाहुणे येणार, त्यांच्यापुढे गावाची लाज जाऊ नये म्हणून. कार्य झाले की उसनी घेतलेली पाळी फेडायची. तितके दिवस खालच्या गावाने नळाकडे बघायचे नाही.

"माझे बाबा घर बघायला गेले तेव्हा नळ उघडून बघितला होता त्यांनी," सविता म्हणाली. "धो धो होता. लग्नात पण धो धो. मी बोलले, वा, सासर मिळालं तर असं! पूजा झाली, पाव्हणे गेले, आणि नळ जो सुकला!" ती हसायला लागली. "म्हणजे गावात पाणी नाय हे बघायला माणूस आला, तर त्याला पाणी उसनं आणून दाखवलं! माझ्या सासरच्या लोकांनी! अगो आई गो!" हसता हसता तिने बाळाच्या अंगात तोंड लपवले, आणि नंतर ते वर काढले तेव्हा ती हसत नव्हती.

"म्हणून आत्या बोलल्या असतील, सविताला सांगू नका. मी उगाच बॅग भरीन म्हणून."

तिचे वडील कालव्याकडे पाहत उभे होते. मीही तिकडेच पाहिले. दुसरीकडे कोठे पाहावे, ते सुचेना.

"आता तुम्ही काय लिहिणार, काका?" तिने विचारले. "पाणी आहे, असंच ना? तुम्ही तर बघितलंय डोळ्यांनी."

रोह्यात उतरण्यापुरती बरी लॉज मिळते. चादर स्वच्छ होती, आणि बरेच दिवसांनी मी चादरीकडे संशयाने पाहिले नाही. मला दुसरे काम होते. दुसऱ्या दिवशी गाव हिंडण्याचा बेत रद्द केला, बाजारात एक फेरी मारली आणि रोह्याहून पेणला जाणारी पॅसेंजर पकडली. या गाड्या दिवसाकाठी मोजक्याच आहेत, वेळ स्टेशनवर विचारूनच जावे. खिडकीतून डोंगर आणि खाडी आळीपाळीने दिसतात. पेण स्टेशन बाजारापासून दूर आहे, रिक्षावाल्यास ते ठाऊक असते आणि आपणांस ते ठाऊक नाही हेही त्यास ठाऊक असते. या खेपेस मी कोणालाही काही कळवले नव्हते.

नळाचा ओटा तसाच पांढरा होता. रांगोळी पुसट झाली होती. मी तोटी फिरवली. आतून एक सुस्कारा आला, मग काही नाही. ओट्यावर हंडे ओळीने मांडलेले, त्यांच्याजवळ माणूस नाही. ती रांग आपापल्या जागा धरून उद्या-परवाची वाट पाहत होती.

तात्या धावत आले. अंगात बंडी, पायांत काही नाही. "आवो, सांगून याचं ना!"

"सांगून आलो होतो, तात्या. तेच चुकले."

ते ओट्यावर बसले, मीही बसलो. चुना लागेल, हे दोघांच्याही लक्षात होते, दोघांनीही पर्वा केली नाही.

"सविताने सांगितले," मी म्हणालो. "कार्याचे पाणी."

"तिला काय, माह्यारी दारात कालवा." तात्यांनी मान फिरवली. "सायेब, तुमी टेबलावर बसून बगनारे आसतात तं कोरडा नल दाखवला आसता. मंत्री आला तरी कोरडाच दाखवू. पन तुमी घरात ऱ्हानार होतात. घरात पावना आनि घागर रिकामी? मंग टाकी आली काय नि नाय आली काय! लोक काय बोलतील, यांच्या गावात मानसाला पाय धुवाला पानी नाय?"

"अहो, पण मी तेच पाहावयास आलो होतो!"

"ते खरं हाय," तात्या विचारपूर्वक म्हणाले. "पन तुमी आंगोल पन करनार, हे आमच्या ध्यानात आधी आलं, आनि तुमी कशाला येताय हे मागून."

"आता नळास पाणी कधी?"

"पाली फिटली का. तुमची आंगोल फेडतोव सध्या."

मी व्यवसायाने नुकसानीचे मोजमाप करणारा माणूस. त्या ओट्यावर बसून ध्यानात आले, की या प्रकरणातले प्रत्यक्ष नुकसान मीच होतो. गावात येऊन मी पाय धुतले, जेवलो, दोन बादल्या स्नान केले, दुसरी कोमट असल्याचे सुनावले आणि पाणी मुबलक असल्याचा निर्णय घेऊन निघून गेलो. आता सगळे गाव मचूळ विहिरीवर होते.

यमुनाबाई त्याच विहिरीकडून येत होत्या. मला पाहताच डोक्यावरची कळशी सावरत त्यांनी विचारले, "सविताला बोललात ना?"

"बोललो."

"काय बोलली?"

"आधी बाळाला कडेवर घेतले. रविवारी नरेशला बोलवीन म्हणाली. मग सगळे कळले."

त्यांनी कळशी उतरवली. आत गेल्या आणि चुलीवर आधण ठेवले. मी दारातूनच ओरडलो, "चहा नको! मी पाणी घेणार नाही, चहा घेणार नाही, हातपाय धुणार नाही!"

"मंग बाहेरच बसा," आतून उत्तर आले. "आनि रिपोटात लिवा, यमुनाबाय चा पन देत नाय."

अर्धा कप घेतला. मंडळाच्या नियमात ते बसत नसेल, तर मंडळाने नियम बदलावा. संध्याकाळपर्यंत तिथेच बसलो. शेवटी तोटीतून करंगळीएवढी धार आली. ती एका म्हातारीच्या तांब्यात पडली आणि संपली. "हवा आली पायपातली," म्हातारी म्हणाली, आणि तांब्या घेऊन समाधानाने निघून गेली.

ठाण्यास परतल्यावर मंडळाची सभा झाली. मी यथासांग निवेदन केले. अध्यक्षांचा चष्मा नाकावर उतरला. "म्हणजे पहिल्या दिवशी पाणी होते आणि नंतर नव्हते. हे तुम्हाला संशयास्पद वाटत नाही?"

"वाटते. म्हणूनच परत गेलो."

"आणि दुसऱ्या खेपेचे कोरडेपण बनावट नसेल कशावरून?"

प्रश्न बिनतोड होता. मीच असा प्रश्न शेकडो जळीतग्रस्तांना विचारला आहे. माझ्यापाशी कागद नव्हता, छायाचित्र होते ते कोसळणाऱ्या नळाचे. उपाध्यक्षांनी जिताड्याविषयी विचारले, ते मी कबूल केले. मग त्यांना सविताने बाळाला कडेवर घेतले ते सांगितले, आणि तिने फोनकडे नेलेला हात कसा थांबला तेही. मी म्हणालो, "ठकवणारा माणूस आपले नुकसान फुगवून दाखवतो. या लोकांनी ते दिसूच नये म्हणून दुसऱ्याचे पाणी उसने आणले. असला दावेदार मला आजवर भेटलेला नाही, आणि तो फेटाळण्याची माझी छाती नाही." नंतर अध्यक्षांनी, मी बरा आहे ना, अशी चौकशी केली आणि ठराव मंजूर झाला.

स्वतंत्र फाट्याची रीतसर परवानगी मिळवण्यात काही महिने गेले. वरच्या गावाने हरकत घेतली नाही. टाकीसाठी घरटी एकेक माणूस कामाला आला. दिवाळीनंतर टाकी भरल्याचे कळले. उद्घाटनाला मंडळ गेले, मी गेलो नाही. मी पुन्हा त्या गावात जाऊन स्नान करावे, एवढी हिंमत माझ्यात उरली नव्हती. त्याच सुमारास सविताला फोन केला. "टाकीत पाणी आहे," मी सांगितले.

"दिवाळीत सगळ्यांच्याच नळाला पाणी असतं, काका," ती म्हणाली. "उन्हाळ्यात बघू." संशयाच्या क्षेत्रात मी स्वतःस अधिकारी मानत असे. त्या दिवशी ते पद मी मनातल्या मनात सोडले.

वाचकहो, पेण-रोह्याच्या बाजूला जरूर जा. पापड घ्या, बिरडे खा, महामार्गाविषयी मौन पाळा. कोणाच्या घरी उतरलात तर एकच बादली मागा, आणि तीही अर्धी. तेथील माणसे जे देतात ते कोठून आणतात हे दिसत नाही, आणि विचारलेत तर ती खोटे सांगतील. त्या खोट्यावर मात्र माझ्या विमाशास्त्रात कलम नाही. माझा मूळ संशय अजून शाबूत आहे, कारण त्याच्याशिवाय मी तिथे परत गेलोच नसतो. फक्त आता एखाद्या घरात फार आगतस्वागत झाले, की मी यजमानांवर संशय घेण्याआधी विचारतो, माझ्यासाठी आज येथे कोणाची पाळी चुकली?

वैशाखात, ठाण्यातसुद्धा नळ मिजास दाखवू लागले होते, त्या दिवसांत दुपारी फोन आला.

"काका, मी सविता. पाणी आहे."

मागून धारेचा आवाज येत होता. आवाजाचे मला सांगू नये. आवाज कशाचाही काढता येतो. मी विचारले, "तुमच्या घरी आज कोणी पाहुणा आलेला आहे काय?"

"नाय."

"गावात कार्य?"

"नाय. चैत्रातच मी येऊन बघून गेले होते, तेव्हा पण होतं. तरी म्हटलं, वैशाख लागू दे." मग ती मागे वळून कोणाला तरी म्हणाली, "आत्या, तिला ओट्यावरून उचला गो, सगळी भिजली." आणि पुन्हा फोनवर: "पाव्हणा कोणी नाय, काका. मीच आलेय. पण मी घरची."